हेक्टर मोजले, वाट मोजली नाही

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राला पाणी इरई धरणातून मिळतं, आणि त्याच धरणाच्या फुगवट्याच्या काठाला मोहर्लीकडचं ताडोबाचं जंगल टेकलेलं आहे. 2920 मेगावॅटचं वीज केंद्र आणि राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान असे एकाच जलाशयाचे शेजारी आहेत. केंद्राच्या आसपास दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलिच्या) कोळसा खाणी. फेब्रुवारी 2022 मध्ये या केंद्राच्या आवारात कामावरून परतणाऱ्या एका कामगाराला वाघानं मारलं. दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात एका किशोरवयीन मुलाचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. शहरात संतापाची लाट उसळली. वाघ आला कुठून, असं सगळे विचारू लागले. तो कुठून आलेलाच नव्हता. केंद्राच्या आवारातल्या झुडपांत वाघ, बिबटे आणि अस्वलं वस्तीला आहेत, हे वनखात्याला आणि तिथल्या कामगारांना आधीपासून माहीत होतं.

उद्योग आला की जंगल तुटतं आणि प्राणी निघून जातात, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. चंद्रपुरात गोष्ट इतकी सरळ घडली नाही. 2006 च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात 103 वाघ होते. पुढे 2010 मध्ये 169, 2014 मध्ये 190, 2018 मध्ये 312 आणि 2022 मध्ये 444 असे ते वाढत गेले. यातले सर्वाधिक वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. याच काळात खाणी रुंदावल्या, रस्ते चौपदरी झाले, रेल्वेगाड्या वाढल्या. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणावरून क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथं होतं. प्रदूषणात देशातल्या सर्वांत वाईट पट्ट्यांपैकी एक आणि वाघ मात्र वाढते. खाणीला मंजुरी मागणाऱ्यांना यातून आयता युक्तिवाद मिळतो की, वाघ तर वाढतच आहेत, मग बिघडलं काय? या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. नुसत्या निषेधानं तो सुटत नाही.

उत्तराची सुरुवात ताडोबाच्या आकारापासून होते. 1955 मध्ये, चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असताना, ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र जेमतेम 116 चौरस किलोमीटर. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य जाहीर झालं आणि पुढच्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज गाभा क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर आहे आणि बफर 1100 च्या वर. बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावं गाभ्यातून उठली. लोकांनी घरं, शेतं, देव मागं ठेवले. या त्यागामुळं आणि कडक संरक्षणामुळं गाभ्यात वाघिणी निर्धास्तपणे पिल्लं वाढवू लागल्या. पण वाघाचं पिल्लू दोन वर्षांचं झालं की त्याला आईचा इलाखा सोडावा लागतो. नर तर लांबवर जातात. गाभ्यात जागा धरून बसलेले मोठे वाघ त्यांना टिकू देत नाहीत. म्हणजे ताडोबात दरवर्षी जे वाघ तयार होतात, त्यातले बरेच ताडोबाबाहेरच जगणार आहेत किंवा बाहेरच मरणार आहेत. वाढलेल्या आकड्याचा खरा भार बाहेरच्या जंगलावर पडला आहे, आणि उद्योगाची जागाही नेमकी तीच आहे.

ताडोबाच्या वाघाला बाहेर पडायला वाटा आहेत. उत्तरेकडे घोडाझरी आणि पुढं उमरेड-कऱ्हांडला, तिथून वैनगंगेच्या खोऱ्यातून नागझिरा-नवेगाव, पेंच आणि मग कान्हा. पूर्वेला ब्रह्मपुरीचं जंगल आणि वैनगंगा ओलांडून गडचिरोली, तिथून छत्तीसगडचं इंद्रावती. दक्षिणेला जुनोना, बल्लारपूर, कन्हाळगाव आणि तेलंगणातलं कावल. या वाटा म्हणजे सलग घनदाट अरण्य नव्हे. त्यात राखीव जंगल आहे, वनविकास महामंडळाचा साग आहे, धानाच्या बांध्या, मामा (माजी मालगुजारी) तलाव, नाले आणि झुडपी जंगल आहे. वाघ दिवसा एखाद्या नाल्यातल्या बेशरमीच्या झाडीत पडून राहतो आणि रात्री पुढं सरकतो. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला टी1-सी1 हा तरुण नर गळ्यातल्या रेडिओ कॉलरसह निघाला आणि यवतमाळ, तेलंगणा, मराठवाडा असं फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण चाल सुमारे 3000 किलोमीटर झाली. त्यातली बहुतेक वाट कुठल्याही संरक्षित क्षेत्रात नव्हती. शेतातून, रस्त्यांवरून, गावांच्या कडेनं तो गेला. तुकड्यातुकड्यांनी उरलेली झाडीही किती मोलाची आहे, हे या एका वाघानं दाखवलं.

आता खाणीकडे येऊ. वर्धा खोऱ्यात कोळसा काढणं नवं नाही. वरोऱ्याची खाण 1870 च्या दशकातली आहे. जुन्या खाणी भूमिगत होत्या. त्या जमिनीखालून कोळसा काढत आणि वरचं जंगल बऱ्याच अंशी उभं राही. कोळशाचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर, मोठी यंत्रं आल्यावर आणि वीज केंद्रांची भूक वाढल्यावर खुल्या खाणींचं युग आलं. खुल्या खाणीत आधी झाडं जातात, मग माती, मग कोळशावरचा खडकाचा थर. हा सगळा ऐवज शेजारी टाकतात आणि त्याचे डोंगर होतात. चंद्रपूरजवळून जाताना क्षितिजावर सपाट माथ्याच्या ज्या टेकड्या दिसतात, त्यातल्या कितीतरी अशा माणसानं रचलेल्या आहेत. इरई नदीचं पात्र या ढिगाऱ्यांनी आवळलं गेलं, अशी तक्रार चंद्रपूरकर वर्षानुवर्षं करत आहेत, आणि पुराच्या पाण्यानं ती वारंवार खरी करून दाखवली आहे.

याच ढिगाऱ्यांवर या प्रश्नातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट घडते. काही वर्षांत त्यांच्यावर विलायती बाभूळ आणि घाणेरी माजते. चरायला कुणी येत नाही, लाकूडफाट्याला बंदी असते, शिकारीही फिरकत नाहीत. खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यांना सोडतात, त्यामुळं भर उन्हाळ्यातही ओल टिकते. वसाहतींच्या उकिरड्यांवर रानडुकरं आणि मोकाट कुत्री पोसली जातात. सावली, पाणी, भक्ष्य आणि दिवसा शांतता, म्हणजे घर शोधत निघालेल्या तरुण वाघाला हवं ते सगळं इथं मिळतं. खाण प्राण्याला हाकलते हे अर्धं सत्य झालं. खाण त्याचं चांगलं घर मोडते आणि पुढं त्याच जागी एक वाईट घर उभं करते. त्या वाईट घराच्या चारी बाजूंना डंपर, रेल्वेचे रूळ, विजेच्या तारा आणि पाळीवर जाणारी माणसं असतात. जीवशास्त्रज्ञ अशा जागेला पर्यावरणीय सापळा म्हणतात. प्राणी तिथं ओढला जातो, प्रसंगी तिथं पिल्लंही घालतो, पण त्या जागेचा हिशेब शेवटी तोट्याचाच असतो.

हा तोटा वाघाच्या गणनेत लगेच दिसत नाही. गणनेत जिवंत वाघ मोजले जातात. कुणाला पुढं जायला वाट उरली आणि कुणाला नाही, हे मोजलं जात नाही.

वाट तुटते ती बहुधा रेषेनं तुटते. खाण हा ठिपका असतो. तिच्यासाठी येणारा रस्ता, रेल्वे, वीजवाहिनी आणि कालवा या रेषा असतात, आणि जंगलाचं जास्त नुकसान या रेषा करतात. डिसेंबर 2017 मध्ये बोरच्या जंगलातला बाजीराव हा नावाजलेला वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाखाली सापडला. नोव्हेंबर 2018 मध्ये चांदाफोर्ट-गोंदिया मार्गावर, जुनोन्याच्या जंगलात, वाघिणीचे तीन बछडे रेल्वेखाली गेले. हा लोहमार्ग ताडोबाच्या दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या दोन्ही वाटा कापत जातो. गोसेखुर्द धरणाचे सिमेंटनं बांधलेले उभ्या काठांचे कालवे उमरेड-कऱ्हांडल्याच्या भोवतीनं जातात. त्यात पडलेलं चितळ किंवा नीलगाय घसरत राहते आणि दमून बुडते. कालव्याला ठरावीक अंतरावर खडबडीत उतार आणि वरून झाडीचा पूल दिला, तर हे टळतं. धरणाच्या एकूण खर्चापुढं तो खर्च नगण्य आहे, पण मूळ आराखडा करताना तो कुणाच्या मनात आला नाही, आणि नंतर जोडलेली प्रत्येक गोष्ट निधीसाठी रांगेत उभी राहते.

रस्त्याचा परिणाम अपघाती मृत्यूंवर थांबत नाही. रशियाच्या अतिपूर्वेला सिखोते-आलिनमध्ये वाघिणींना कॉलर लावून केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या रस्त्यांजवळ राहणाऱ्या वाघिणी आणि त्यांची पिल्लं, रस्त्यांपासून दूर राहणाऱ्यांच्या मानानं कमी जगतात, असं त्यात आढळलं. गजबज वाढली की शिकार अर्धवट टाकून उठावं लागतं आणि पिल्लांच्या वाट्याला कमी येतं. आपल्याकडे कोळशाचे ट्रक रात्रभर चालतात, म्हणजे वाघाच्या कामाच्या वेळेत.

याच बाबतीत महाराष्ट्रानं एक गोष्ट चांगली करून दाखवली आहे आणि ती आवर्जून सांगायला हवी. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करायचा ठरला तेव्हा संघर्ष झाला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं प्रकरण दीर्घकाळ चाललं आणि अखेर भारतीय वन्यजीव संस्थानाच्या सल्ल्यानं महाराष्ट्रातल्या मनसर-खवासा टप्प्यात प्राण्यांसाठी पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल बांधले गेले. त्यातला सगळ्यात लांब 750 मीटरचा आहे. वरून वाहनं जातात आणि खालची जमीन जंगलाचीच राहते. संस्थानानं तिथं कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर 2019 या काळात 18 जातींच्या वन्य प्राण्यांनी हे मार्ग वापरल्याची नोंद झाली. त्यात 11 वेगवेगळे वाघ होते. चितळं आणि रानडुकरं तर नेमानं जाऊ-येऊ लागली. काही रानकुत्र्यांनी खालीच शिकार केल्याचंही दिसलं. अशा उपायांवर अविश्वास दाखवणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत, आणि हे आपसूक झालं असं मानणाऱ्यांनी त्यामागची न्यायालयीन लढाई पाहावी. पुढं समृद्धी महामार्गाच्या आराखड्यातच वन्यप्राण्यांसाठी पूल आणि भुयारं आली, त्याला पेंचचा हा अनुभव कारणीभूत आहे. मात्र रस्त्याखालून वाट काढता येते. खाणीखालून किंवा खाणीवरून ती निघत नाही. म्हणूनच खाणीच्या बाबतीत उपाय नंतर शोधून भागत नाही, जागा आधीच निवडावी लागते.

जागा निवडण्याची एक संधी देशाला मिळाली होती. 2010 च्या सुमारास पर्यावरण आणि कोळसा या दोन मंत्रालयांनी नऊ कोळसाक्षेत्रांचे नकाशे समोर ठेवून, कुठं खाण चालेल आणि कुठं मुळीच नको, अशी विभागणी केली. त्यात वर्धा खोरंही होतं. जयराम रमेश तेव्हा पर्यावरणमंत्री होते. विजेची गरज, गुंतलेला पैसा आणि मंत्रालयांमधली ओढाताण यांत ती विभागणी सैल होत गेली आणि पुढं गुंडाळलीच गेली. छत्तीसगडचं हसदेव अरण्य त्या यादीत पूर्णपणे नको या बाजूला होतं. 2011 मध्ये तिथंच खाणीला वाट मोकळी झाली. त्या यादीत दोष असतील, तिला कायद्याचं बळही नव्हतं. पण संपूर्ण खोऱ्याकडं एकत्र बघून आधी ठरवायचं, ही कल्पना बरोबर होती. ती सोडून आपण पुन्हा एकेका प्रकल्पावर स्वतंत्र निकाल देऊ लागलो, ही माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतली सगळ्यात महाग पडलेली चूक आहे.

एकेका प्रकल्पाचा निकाल कसा लागतो, ते ताडोबाभोवतीच पाहता येतं. चंद्रपूर आणि ताडोबा यांच्यामधल्या लोहाऱ्याच्या जंगलातले कोळशाचे साठे अदानी समूहाला दिले गेले होते. इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांनी 2009 मध्ये उपोषण केलं, शहर रस्त्यावर आलं आणि प्रस्ताव मागं पडला. चिमूरकडच्या बंदर खाणीचं नाव 2020 च्या लिलावाच्या यादीत आलं. राज्य सरकारनं आणि वन्यजीवप्रेमींनी विरोध केल्यावर केंद्रानं ती यादीतून काढली. ब्रह्मपुरीच्या जंगलात लोहारडोंगरी इथं लोहखनिज काढण्याचा प्रस्ताव सुमारे 36 हेक्टरचा. हजारो चौरस किलोमीटरच्या वनक्षेत्रात 36 हेक्टर म्हणजे काय, असं कुणीही विचारील. पण ताडोबाचे वाघ घोडाझरी आणि उमरेडकडे ज्या पट्ट्यातून सरकतात, त्यातलेच हे हेक्टर आहेत. घराच्या एकूण क्षेत्रफळात दाराची चौकट किती भरते? मंजुरीचे अर्ज मात्र क्षेत्रफळच विचारतात.

कायद्यात वाटेला जागा आहे. 2006 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या भूभागाचा पर्यावरणाला न झेपणारा वापर करायचा तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची परवानगी लागते. घोडं पेंड खातं ते जोडणारा भूभाग कोणता हे ठरवताना. 2014 मध्ये प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थान यांनी देशभरातले 32 मुख्य भ्रमणमार्ग नकाशावर दाखवले. तो अहवाल मोलाचा आहे, पण त्यातल्या रेषा किमान आहेत. वाघाला कमीत कमी अडचणीची वाट कोणती, एवढंच त्या सांगतात. त्यानंतर कॉलर, कॅमेरे आणि विष्ठेच्या नमुन्यांवरून कितीतरी नव्या वाटा कळल्या आहेत. व्याघ्र संवर्धन आराखड्यांतही वेगळे मार्ग नोंदले आहेत. अशा वेळी फक्त जुन्या अरुंद रेषाच कायद्याच्या कक्षेत धरायच्या ठरवल्या, तर त्यांच्यापासून चार पावलं दूरच्या खाणीला ही परवानगी लागतच नाही. प्रत्यक्ष वाघ त्या चार पावलांच्या पट्ट्यातूनही जात असतो.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे, तो झुडपी जंगलाचा. महसुली दप्तरात ही जमीन शतकभर निकृष्ट, निरुपयोगी म्हणून नोंदली गेली. गावाची गुरं तिथं चरतात, पळस-बोरी-हिवर वाढतात, पावसाचं पाणी मुरतं. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की झुडपी जंगल हे वनसंवर्धन कायद्याच्या दृष्टीनं वनच आहे. सुमारे 86 हजार हेक्टरांचा हा प्रश्न होता. जुन्या वस्त्यांना आणि बांधकामांना न्यायालयानं अटींसह दिलासा दिला, तो योग्यच होता. अर्धी गावं त्यावर उभी आहेत. पण निर्णयाचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. या तुकड्यांचं मोल झाडांच्या उंचीवर ठरत नाही, हे त्यानं मान्य केलं. ताडोबा ते उमरेड किंवा नवेगाव ते पेंच या वाटांवरचे कितीतरी टप्पे असल्या झुडपांतूनच पार होतात.

भरपाईच्या वनीकरणाचा मुद्दा इथंच येतो आणि तो थोडक्यात संपतो. तोडलेल्या जंगलाबदली दुसरीकडं झाडं लावायची आणि पैसा प्रतिपूरक वनीकरणाच्या निधीत भरायचा, अशी ही व्यवस्था आहे. लावलेली झाडं जगलीच, तरी ती शंभर किलोमीटर दूरच्या माळावर असतात. तिथं ती वाटेला जोडत नाहीत, आणि पुष्कळदा चांगल्या गवताळ माळाचा नाश करतात. गवताळ माळाला आपण पडीक म्हणतो, तेही नुकसानीचं मूळ आहे. नान्नजच्या माळढोकाचं अभयारण्य 1979 चं, पण आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. चंद्रपूरच्या वरोरा-भद्रावतीकडच्या शेतांतही तो होता. समोर पाहण्याची नजर अधू असलेला हा जड पक्षी उच्चदाबाच्या तारांवर आदळून मरतो. राजस्थानात सौर आणि पवनऊर्जेच्या वाहिन्यांवरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2021 मध्ये न्यायालयानं त्यावर आदेश दिला. कोळसा सोडून स्वच्छ विजेकडे जाणं मला आवश्यक वाटतं, पण तिच्या तारा कुठून न्यायच्या हा प्रश्न तोच आणि तितकाच कठीण आहे.

वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत सध्या जे चाललं आहे, ते चंद्रपूरच्या पन्नास वर्षांचं काम दहा वर्षांत उरकण्यासारखं आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर सुमारे 348 हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा आहे. 2021 नंतर तिथलं उत्खनन खऱ्या अर्थानं सुरू झालं. वर्षाला 30 लाख टनांची परवानगी आधी 1 कोटी टनांवर गेली आणि 2025 मध्ये त्याहून कितीतरी पुढं. पट्टा तेवढाच राहिला, पण त्यावरून धावणारे ट्रक, त्यांच्यासाठीचे रस्ते, खनिज शुद्ध करण्याचे प्रकल्प आणि पोलाद कारखाने वाढत आहेत. स्थानिक माडिया गोंडांसाठी हा डोंगर ठाकूरदेवाचा आहे. रोजगार आला, नक्षलवादाची पकड सुटली, दवाखाने आणि शाळा उभ्या राहिल्या, हे मान्य करायलाच हवं. गडचिरोलीच्या माणसानं कायम मागास राहावं असं म्हणण्याचा हक्क बाहेरच्या कुणालाही नाही. पण इथूनच इंद्रावतीकडे जंगल सलग राहतं. कोलामार्कात राज्यातल्या शेवटच्या रानम्हशी आहेत. आणि ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडातून वीसहून अधिक हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तो टिकला.

हे हत्ती या प्रश्नाचा पुढचा टप्पा दाखवतात. झारखंड आणि ओडिशात खाणी आणि तुटलेली जंगलं यांमुळं हत्ती 1980 च्या दशकापासून छत्तीसगडकडे सरकत आले. तिथं पुन्हा कोळशाच्या पट्ट्यात अडकले, पुढं सरकले आणि आता आपल्या धानाच्या बांध्यांत उभे आहेत. गोंदिया-गडचिरोलीच्या शेतकऱ्याच्या आजा-पणजानं रानहत्ती पाहिला नव्हता. त्याच्याकडं तो हाकण्याची रीत नाही, त्याच्यासोबत राहण्याच्या कथा नाहीत. दोन राज्यं पलीकडं दिलेल्या परवानगीची किंमत तो मोजतो आहे आणि त्या परवानगीच्या कागदात त्याच्या गावाचं नाव नाही.

किंमत कोण देतं, याचा हिशेब या चर्चेत नेहमी शेवटी येतो. तो पहिला यायला हवा. महाराष्ट्रात वाघाच्या हल्ल्यात मरणाऱ्यांपैकी बहुसंख्य चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतले असतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला माणसं रानात जातात. वाकून बसलेली बाई वाघाला पाठमोऱ्या जनावरासारखी दिसते. गुराखी मरतात, सरपण आणायला गेलेल्या म्हाताऱ्या मरतात. मृताच्या वारसांना आता 25 लाख रुपये मिळतात, आणि ही रक्कम वाढली हे चांगलंच झालं. पण पिकाच्या नासाडीची भरपाई तुटपुंजी आणि उशिराची असते, म्हणून कुंपणात चोरून वीज सोडली जाते. रानडुकरासाठी लावलेल्या त्या तारेला वाघही चिकटतो. वाघाच्या नावानं ज्या गावांनी बफरची बंधनं स्वीकारली, त्यांना सरपणाची मोळी आणताना हटकलं जातं आणि शेजारी शेकडो हेक्टर जंगल खाणीला जाताना त्यांना दिसतं. हा उघड अन्याय आहे. तो दूर न करता लोकांनी वाघासाठी सहनशील राहावं अशी अपेक्षा धरता येणार नाही.

वाटा बुजल्या तर पुढं काय होतं, याचं उदाहरण ओडिशाच्या सिमिलीपालमध्ये आहे. तिथले वाघ इतर वाघांपासून तुटले. थोड्याच वाघांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वीण झाली आणि अंगावर जाड, एकमेकांत मिसळलेले काळे पट्टे असलेले वाघ तिथं दिसू लागले. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटानं 2021 मध्ये त्यामागचं जनुकीय उत्परिवर्तन शोधून काढलं. पर्यटकाला काळा वाघ नवलाचा वाटतो. शास्त्रज्ञाला त्यात एकटं पडणं दिसतं. याच गटानं मध्य भारताच्या वाघांवर केलेल्या कामातून उलट चित्र पुढं आलं आहे. इथं अजून जनुकांची देवाणघेवाण चालू आहे, आणि जमिनीचा बेबंद वापर वाढला तर लहान अभयारण्यांतले वाघ शतकभरात नाहीसे होण्याचा धोका मोठा आहे. टिपेश्वर, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही नावं त्या लहानांत येतात. ताडोबा स्वतः तगेलही. त्याच्या भोवतीचे हे छोटे दिवे विझले, तर ताडोबाचे वाघ जातील कुठं?

सह्याद्रीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा कोल्हापूरच्या राधानगरीला गोव्याच्या म्हादईशी आणि कर्नाटकाच्या भीमगडाशी जोडतो. खनिज आणि रबर-अननसाच्या लागवडीसाठी तिथं झाडं पडत होती. मुंबई उच्च न्यायालयानं 2013 मध्ये तोडबंदी घातली आणि मार्च 2024 मध्ये तिथली 25 गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायला सांगितलं. गोव्यात जानेवारी 2020 मध्ये म्हादईत वाघीण आणि तिचे बछडे विषप्रयोगानं मेले. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव परवानगी सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये रद्द केली. माधव गाडगीळ समितीनं 2011 मध्ये संपूर्ण पश्चिम घाट एकत्र पाहून जे सांगितलं होतं, ते स्वीकारलं असतं तर यातली निम्मी प्रकरणं न्यायालयात जायची गरज पडली नसती असं मला वाटतं.

चंद्रपुरात मात्र अजून एक निर्णय व्हायचा आहे आणि तो कुठल्याही नव्या प्रकल्पाइतका मोठा आहे. ताडोबाच्या दक्षिणेच्या काही खाणींतला कोळसा आज ना उद्या संपेल. खाण बंद करताना त्या जमिनीचं काय करायचं, याचा आराखडा खाण कंपनीनं द्यावा लागतो आणि त्यासाठी पैसा राखून ठेवावा लागतो. सध्या त्या आराखड्यात बहुधा ढिगाऱ्यावर झाडं, खड्ड्यात पाणी आणि एखादं उद्यान एवढंच असतं. त्याऐवजी विलायती बाभूळ काढून तिथं गवत, बांबू आणि बोर-पळस परत आणले, खड्ड्यांचे काठ प्राण्याला चढता-उतरता येतील असे केले, वसाहतीच्या बाजूला रिकामा पट्टा आणि उजेड ठेवला आणि जुनोन्याच्या दिशेनं झाडी सलग ठेवली, तर आज सापळा असलेली जागा वाटेचा भाग होऊ शकते. यासाठी वेकोलि, वीज केंद्र, वनखातं, रेल्वे आणि महापालिका यांना एका नकाशावर बसावं लागेल. दुर्गापूरच्या रहिवाशांना, जे या वाघांच्या सगळ्यात जवळ राहतात, त्याच टेबलावर जागा द्यावी लागेल. त्या जमिनीचे पुढचे वापर आताच ठरत आहेत. तिथं पुन्हा एखादा कारखाना, एखादं राखेचं तळं किंवा गोदामांची रांग आली, तर दक्षिणेची वाट कायमची बंद होईल.